काढलेला गुडघा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनवर तुम्ही पूर्ण पान दिलं होतं, मी ते दोनदा वाचलं आणि शेजारच्या काकूंनाही वाचायला दिलं. खर्च, व्यायाम, जिना कधी चढायचा, मांडी घालून बसता येईल का, सगळं होतं त्यात. पण बसवलेला गुडघा पिकला आणि परत काढायची वेळ आली तर घरच्यांनी काय बघायचं यावर एक ओळही नव्हती. बहुतेकांवर ती वेळ येत नाही, शंभरातल्या एखाद-दोघांवर येते, पण ज्या घरात येते तिथे वर्ष-दीड वर्ष दुसरं काही सुचत नाही. आमच्या घरात आली म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागा कमी असेल तर कुठूनही कापा, पण फॉर्मेलिनचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी इंदुरातच एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये ३१ वर्षं टेक्निशियन होते, आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. कल्चर लावणं म्हणजे सँपलमधले जंतू प्लेटवर वाढवणं, त्या प्लेटी वाचणं, रिपोर्ट लिहिणं हेच आयुष्यभर केलं. आणि तरी माझ्याच घरातलं सँपल माझ्या डोळ्यादेखत वाया गेलं, ते मला अजून विसरता येत नाही.

माझी मोठी वहिनी सुदामानगरात राहते. तिचा उजवा गुडघा बदलला तेव्हा ६८ वर्षांची होती. पहिले सहा-सात महिने छान गेले, सकाळी अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत चालत जायची. मग गुडघा दुखायला लागला, हात लावला की गरम लागायचा, आणि आठव्या महिन्यात टाक्यांच्या खालच्या बाजूला एक टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं, त्यातून रोज थोडं थोडं पाणी येऊन बांधलेली पट्टी ओली व्हायची. एका डॉक्टरने एक अँटिबायोटिक दिलं पाच दिवस, दुसऱ्याने दुसरं दहा दिवस, तिसऱ्याने दोन्ही बदलून तिसरं. मध्ये एकदा त्या भोकावरून कापसाची काडी फिरवून स्वॅब पाठवला, गोळ्या चालू असतानाच, रिपोर्ट आला ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू उगवले नाहीत. सगळ्यांना हायसं वाटलं, वहिनीलाही. मला नाही वाटलं, मी दादाला म्हटलंही की गोळ्या चालू असताना घेतलेल्या त्या स्वॅबला काही अर्थ नाही, पण घरातली बाई टेक्निशियन आणि समोर तीन मोठे डॉक्टर, माझं कोण ऐकणार होतं, आणि मीही जोर धरला नाही.

शेवटी गुडघा काढायचं ठरलं. शहरातलंच एक खाजगी हॉस्पिटल, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एका जागेचं दुखणं नाहीये. ऑपरेशनच्या दिवशी मला ताप होता म्हणून मी घरीच होते. दुपारी तीनच्या सुमाराला पुतण्याचा फोन आला.

“आत्या, आईचा जुना गुडघा त्यांनी मला दिलाय, पॉलिथिनच्या पिशवीत आहे, धुऊन दिलाय. आणि एक बाटली आहे, म्हणाले बाहेरच्या लॅबमध्ये कल्चरला टाका. कुठे नेऊ?”

“बाटलीत काय आहे?”

“मांसाचे तुकडे आहेत चार-पाच. पाण्यात आहेत.”

“वर काय लिहिलंय?”

“नुसतं आईचं नाव. पण आत्या, डोळे चुरचुरतायत रे बाबा या बाटलीपाशी.”

मी तिथेच पलंगावर बसले. डोळे चुरचुरतायत म्हणजे पाणी नाही, ते फॉर्मेलिन.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्मेलिन वाईट नाही, बायोप्सीचा तुकडा पॅथॉलॉजीत जातो तेव्हा तो सडू नये म्हणून फॉर्मेलिनमध्येच पाठवतात, ते बरोबरच आहे. पण फॉर्मेलिन तुकड्यातले सगळे जंतूही मारून टाकतं. आणि कल्चर म्हणजे काय तर तुकड्यातले जिवंत जंतू प्लेटवर वाढवून बघणं, ते कोण आहेत आणि कुठल्या औषधाने मरतात. फॉर्मेलिनमधला तुकडा कल्चरला लावणं म्हणजे भाजलेले शेंगदाणे पेरून रोप यायची वाट बघणं. रिपोर्ट ‘नो ग्रोथ’च येणार, कागद स्वच्छ दिसणार, आणि ज्याच्या हातात तो कागद पडेल तो म्हणणार चला, इन्फेक्शन नाही. मी पुतण्याला म्हटलं की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये परत जा, विचार की साध्या निर्जंतुक डबीत, काही न घालता, आणखी तुकडा ठेवलाय का. नव्हता. टाके घालून झाले होते. दुकानात कपडे परत करावेत तसं ते नसतं ना, एकदा बंद केलेला गुडघा पुन्हा कोण उघडणार.

पिशवीतला गुडघा मी नंतर बघितला. नळाखाली साबणाने धुतलेला, चकचकीत. ती धातूची वाटी आणि मधला पांढरा प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते, कारण मला माहीत होतं की जे शोधायचं होतं ते त्याच वाटीच्या पाठीवर चिकटलेलं होतं आणि कुणीतरी चांगल्या मनाने, नातेवाइकांना घाण दिसू नये म्हणून, ते गटारीत सोडून दिलं.

हे चिकटणं नीट समजून घ्या, सगळं त्यावरच आहे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, सगळ्यांच्या घरी ड्रम आणि टाक्या आहेत. ड्रम महिनाभर घासला नाही आणि आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. पाणी वरून कितीही नितळ दिसलं तरी तो थर असतोच, आणि नुसतं पाणी ओतून तो जात नाही, काथ्याने घासावा लागतो. शरीरात बसवलेल्या धातूवर, प्लास्टिकवर, पेसमेकरच्या तारेवर, सलाइनच्या मोठ्या नळीवर जंतू अगदी असाच थर करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आत जंतू जवळजवळ झोपल्यासारखे राहतात, फार हळू वाढतात, अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून गोळ्या घेतल्या की दुखणं दबतं आणि गोळ्या संपल्या की परत वर येतं, आणि म्हणून शेवटी ती वस्तूच काढावी लागते. आणि म्हणूनच बाहेरून फिरवलेल्या काडीवर ते येत नाहीत, काडीवर येतात ते कातडीवरचे पाहुणे.

मग थर सोडवायचा कसा? यासाठी जी पद्धत आहे तिला सोनिकेशन म्हणतात. सराफ्यात जुने दागिने धुवायला दुकानदार ज्या छोट्या मशीनमध्ये टाकतात ना, पाण्यात बारीक थरथर होते आणि नक्षीतला मळ बाहेर येतो, तत्त्व तेच. काढलेला गुडघा न धुता, घट्ट झाकणाच्या निर्जंतुक डब्यात लॅबमध्ये आणायचा, त्यात निर्जंतुक द्रावण घालायचं, अर्धा मिनिट जोराने हलवायचा, पाच मिनिटं अल्ट्रासाउंडच्या टाकीत ठेवायचा, परत अर्धा मिनिट हलवायचा, आणि मग ते पाणी प्लेटवर लावायचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापलं, ३३१ जणांचे काढलेले गुडघे आणि खुबे घेऊन. ज्यांना खरंच इन्फेक्शन होतं त्यांच्यात नेहमीच्या मांसाच्या तुकड्याच्या कल्चरने ६०.८ टक्के पकडले गेले, सोनिकेशनच्या पाण्याने ७८.५ टक्के. आणि ज्यांनी ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात फरक आणखी मोठा, तुकड्यांनी ४५ टक्के, सोनिकेशनने ७५. आपल्याकडे गोळ्या न घेता आलेला पेशंट मला ३१ वर्षांत क्वचितच दिसला, त्यामुळे हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक गोष्ट अजून, त्याच लोकांनी आधी गुडघे प्लास्टिकच्या पिशवीत घालून हे करून बघितलं होतं, पिशव्यांना बारीक गळती व्हायची आणि टाकीतल्या पाण्यातले जंतू आत शिरायचे, म्हणून पिशवी सोडून कडक डबा घेतला. पॉलिथिनची पिशवी पुतण्याच्या हातात बघितली तेव्हा मला हेच आठवलं.

पण सोनिकेशनची मशीन नाही म्हणून हात वर करायचं कारण नाही. मशीन नसलेल्या गावातही काम होतं, फक्त तुकडे नीट घ्यावे लागतात. एक नाही, पाच किंवा सहा, गुडघ्याच्या वेगवेगळ्या जागेवरून, प्रत्येक वेळी वेगळा चिमटा आणि वेगळी कात्री, प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत, डबीवर जागेचं नाव. इतके कशाला असं ओटीतल्या सिस्टर विचारतात आणि बरोबरच विचारतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कारण असं आहे की धातूवर चिकटणारा सगळ्यात नेहमीचा जंतू आहे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, आणि तो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर कायमच असतो. प्लेटवर त्याच्या कॉलनी, म्हणजे ठिपके, दिसतात पांढऱ्या, बारीक, उपासाच्या मोरधनाच्या दाण्यांसारख्या. एकच तुकडा पाठवला आणि त्यात हा आला तर आम्ही काय समजायचं, गुडघ्यातून आला का सर्जनच्या, सिस्टरच्या, आमच्याच हातावरून पडला? पाच तुकडे असले आणि दोन किंवा जास्तींमध्ये तोच जंतू, त्याच औषधांनी मरणारा आणि त्याच औषधांना न जुमानणारा आला, तर मग शंका राहत नाही. पाचातल्या एकातच आला तर बहुतेक वेळा तो पाहुणा.

दुसरं म्हणजे वेळ. साध्या जखमेच्या पुवाची प्लेट आम्ही दोन-तीन दिवसांत फेकतो. सांध्याच्या तुकड्यांना ते चालत नाही, काही जंतू फार आळशी असतात. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा एक आहे, तोच मुरुमांवाला, खांद्याच्या ऑपरेशनात विशेष त्रास देतो, त्याला हवा नसलेल्या डब्यात वाढवावं लागतं आणि दहा-बारा दिवसांनी तोंड दाखवतो. म्हणून १४ दिवस प्लेटी ठेवायच्या असतात. रिपोर्टवर जर तिसऱ्या दिवशी ‘फायनल, नो ग्रोथ’ लिहून आलं असेल तर घरच्यांनी लॅबला विचारावं, किती दिवस ठेवलं होतं म्हणून. विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही.

आणि तिसरं, अँटिबायोटिक. पेशंटची तब्येत धरून असेल, ताप-थंडी वाजून बीपी पडत नसेल, तर गुडघ्यातलं सँपल घ्यायच्या आधी दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवतात. हे थांबवणं डॉक्टरांनीच ठरवायचं, कृपा करून कुणी माझं पत्र वाचून घरी गोळ्या बंद करू नका. पण डॉक्टरांना विचारा की सर, सँपलच्या आधी थांबवायच्या आहेत का. ज्याची तब्येत खालावलीय त्याच्यासाठी थांबायला वेळ नसतो, तिथे आधी रक्ताचं कल्चर घेऊन औषध लगेच सुरू करतात.

आता वहिनीचं पुढे काय झालं. जंतू कोण ते कळलंच नव्हतं, त्यामुळे अंदाजाने दोन इंजेक्शनं सुरू झाली, पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अमिकासिन. गुडघ्याच्या जागी सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता तुकडा, होता, पाय सरळ ठेवून पडून. चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन, ज्यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं, ०.९ वरून २.४ वर गेलं, पायावर सूज, तोंडाला चव नाही, आणि जखम तशीच ओली. दादा रात्री फोन करून नुसता गप्प बसायचा. तेव्हा मात्र मी उठले, दुसऱ्या सर्जनकडे गेले, माझ्या जुन्या लॅबमध्ये जाऊन डब्या निर्जंतुक करून आणल्या, त्यांच्यावर स्वतः नावं लिहिली आणि त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून म्हटलं, सर, स्पेसर बदलताना यात पाच तुकडे द्या, काही घालू नका. ते भले माणूस, हसले आणि म्हणाले, मॅडम, सहा देतो. दोन आठवडे औषध बंद ठेवलं आणि मग ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधल्या मुलीने मला बोलावलं. ट्यूबलाइटखाली प्लेटी तिरक्या धरून बघितल्या, सहापैकी चारांमध्ये तेच पांढरे दाणे. औषधांच्या चकत्या लावलेल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी बघितलं तर ज्या वर्गातलं इंजेक्शन वहिनीला महिनाभर दिलं होतं त्याच्या चकतीपर्यंत जंतू अगदी टेकून उगवले होते, मध्ये जराही मोकळी जागा नाही. म्हणजे तो महिना, ती किडनी, ते सगळं पाण्यात गेलं होतं. टायकोप्लॅनिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती मात्र चांगलं मोठं मोकळं वर्तुळ, म्हणजे त्याने जंतू मरत होते. गुडघा काढला त्याच ऑपरेशनला एक कोरडी डबी असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

गुडघ्याचं एवढं सांगितलं कारण ते माझ्या घरचं. पण लॅबमध्ये रोज येणाऱ्या वस्तू दुसऱ्याच, आणि त्यांच्यातही घोळ तेवढाच.

आयसीयूत मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली जी मोठी नळी घालतात, सेंट्रल लाइन, ती काढली की तिचं टोक कापून कल्चरला येतं. हे टोक लावायची पद्धत डेनिस मॅकी यांनी १९७७ मध्ये दाखवली आणि आम्ही अजून तीच करतो. शेवटचा साधारण ५ सेंटिमीटरचा तुकडा, कोरड्या निर्जंतुक डबीत, मेंढीचं रक्त घातलेल्या लाल प्लेटवर चिमट्याने दाबून चार वेळा पुढे-मागे लाटण्यासारखा फिरवायचा. दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजायच्या, १५ किंवा जास्त असल्या तर नळीवर जंतूंचं घर होतं असं धरायचं. इतकी साधी पद्धत. पण एकट्या टोकाने काही सिद्ध होत नाही, त्याच वेळी हातातल्या शिरेतून घेतलेल्या रक्तात तोच जंतू सापडायला हवा, आणि हे कित्येकदा पाठवतच नाहीत. आणि लाटून फक्त बाहेरचं अंग कळतं, महिनोन्महिने ठेवलेल्या नळीत जंतू आतल्या बाजूने उतरतात ते सुटतात. डायलिसिसवाल्यांसारखी नळी लगेच काढता येत नसेल तर नळीतून आणि हातातून एकाच वेळी रक्त घेऊन बघतात, नळीवाली बाटली हातवालीच्या दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर दोष नळीचा. आणि इन्फेक्शनची शंकाच नसेल तर टोक पाठवूच नये, काढलेल्या प्रत्येक नळीचं टोक पाठवायची काही हॉस्पिटलांत पद्धत पडलीय, त्यात निव्वळ पेशंटचे पैसे जातात.

लघवीच्या नळीचं म्हणजे फोलीचं टोक तर कधीच कल्चरला लावायचं नसतं. ती बाहेर येताना मूत्रमार्गातून घासून येते, तिच्यावर तीन-चार जातीचे जंतू असणारच, तुमच्या-माझ्यातही असतील. हे पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, फोलीचं टोक आलं तर लॅबने परत करावं. पण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही ती बिनदिक्कत लावायचो, कारण फॉर्मवर डॉक्टरांची सही असायची. एका आजोबांना ना ताप होता ना जळजळ, नळी काढली आणि टोक पाठवलं, मी ते लावलं, सूडोमोनास नावाचा जंतू आला, द्राक्षांसारखा गोड वास येतो त्या प्लेटला, मी प्रामाणिकपणे रिपोर्ट लिहिला. त्या कागदावर त्यांना सात दिवस इंजेक्शनं बसली. त्यांना काही झालं नाही, पण ती इंजेक्शनं माझ्या कागदामुळे बसली हे मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिलं. नंतर आमच्या मॅडमनी नियमच केला, फोलीचं टोक आलं की फोन करायचा आणि लघवीचं सँपल मागायचं, आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घेतलेली लघवी. सुरुवातीला वॉर्डातून ओरडा ऐकून घ्यावा लागला, सहा महिन्यांत बंद झाला.

पेसमेकरचं थोडक्यात लिहिते कारण माझ्या हाताखालून ते फार आले नाहीत. पेसमेकर ठेवलेला कातडीखालचा खिसा पिकला तर वरचा पू काडीवर घेण्यापेक्षा खिशातला मांसाचा तुकडा आणि तारेचं टोक पाठवणं चांगलं, आणि अँटिबायोटिकच्या आधी रक्ताची किमान दोन कल्चर.

आपल्या शहराचा मला खूप अभिमान आहे. २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं आपण स्वच्छतेत पहिले आलो, आमच्या लोकमान्यनगरातली लहान पोरंसुद्धा सहा प्रकारचा कचरा वेगळा करून गाडीत टाकतात. हॉस्पिटलच्या कचऱ्याचेही २०१६ चे नियम आहेत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, काढलेले धातूचे इम्प्लांट निळ्या खुणेच्या डब्यात, आणि ओटीतला वॉर्डबॉयसुद्धा हे रंग पाठ म्हणून दाखवेल. म्हणजे काढलेली वस्तू कुठल्या रंगात टाकायची हे सगळ्यांना शिकवून झालंय. टाकायच्या आधी ती लॅबमध्ये कशी जायची हे शिकवणं त्याहून अवघड नाहीये, ओटीच्या भिंतीवर त्या रंगांच्या तक्त्याशेजारी अजून एक कागद लावायचा आहे, हिंदीत, मोठ्या अक्षरात, की कल्चरला जाणाऱ्या डबीत फॉर्मेलिन नाही, धुवायचं नाही, पाच तुकडे, पाच डब्या, दोन तासांच्या आत लॅब. आपल्या मध्यप्रदेशाने २०१९ मध्ये अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध राज्याचा आराखडा केला, तेव्हा असं करणारी राज्यं देशात अगदी मोजकी होती. त्या आराखड्याचं काम माझ्या मते या डबीपासून सुरू होतं, कारण जंतूचं नाव माहीत नसताना दिलेलं प्रत्येक इंजेक्शन अंदाजाने दिलेलं असतं.

लॅबवाल्या माझ्या भावा-बहिणींनाही सांगायचंय. फॉर्मेलिनमधलं सँपल आलं तर गुपचूप लावून ‘नो ग्रोथ’ छापू नका रे. फोन करा, ‘सँपल फॉर्मेलिनमध्ये आलं, कल्चरयोग्य नाही’ असं रिपोर्टवर स्वच्छ लिहा. वहिनीची ती पहिली बाटली पुतण्या शेवटी एका लॅबमध्ये देऊन आला होता, मी नको म्हटलं तरी, कारण हॉस्पिटलने सांगितलं होतं. त्यांनी घेतली, पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी ‘नो ग्रोथ’चा कागद दिला. त्या कागदावर फॉर्मेलिनचा शब्द नाही. तो कागद वहिनीच्या फाइलमध्ये अजून आहे आणि उद्या कुणी नवीन डॉक्टर ती फाइल उघडेल तर तो त्याला खरा मानेल. मी त्याच्यावर लाल पेनने लिहून ठेवलंय.

आणि घरच्यांना एवढंच सांगते की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना भेटा तेव्हा विचारा, सर, कल्चरला किती तुकडे जाणार, कशात जाणार, कुठल्या लॅबमध्ये, आणि रिपोर्ट किती दिवसांचा. वेड्यासारखं वाटेल, पण चांगला सर्जन रागावत नाही, आमच्या सरांनी तर पाचाचे सहा केले. आणि ओटीच्या दारात कुणी तुमच्या हातात बाटली दिली तर आधी विचारा यात काय घातलंय. जवळ नेल्यावर डोळे झोंबले तर तिथेच थांबवा, आतमध्ये जखम अजून उघडी असेल.

टायकोप्लॅनिन सहा आठवडे चाललं. किडनी हळूहळू मूळपदावर आली, १.१. मग नवीन गुडघा बसवला आणि तेव्हाही सहा तुकडे पाठवले, म्हणजे जुनं काही शिल्लक राहिलंय का ते कळावं. ते १४ दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी रोज सकाळी फोन करायची, ती मुलगी रोज म्हणायची, “काकू, आज पण कोऱ्या.” चौदाव्या दिवशी मी स्वतः गेले, सहाही प्लेटी एकेक करून उजेडात धरल्या, झाकण न उघडता, पुढून आणि मागून. काही नव्हतं. तिथूनच दादाला फोन केला, त्याने फोन वहिनीला दिला, मी म्हटलं, “वहिनी, सहाच्या सहा कोऱ्या आहेत.” ती म्हणाली, “तुम्ही बघितल्यात ना स्वतः? मग झालं.” आता ती वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येते आणि उभ्याने पोळ्या लाटते, दोन-तीन झाल्या की बसते.

कुठल्या महिला मंडळाला किंवा हॉस्पिटलच्या सिस्टर लोकांना हे समक्ष ऐकायचं असेल तर मी यायला तयार आहे, डब्या घेऊन येईन. माझा नंबर तुमच्या कार्यालयात लिहून देते.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
लोकमान्यनगर, इंदूर